दारूगोळ्याची पेटी कशी वाचावी

खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी अशा छावण्यांच्या गावांत राहणाऱ्यांना लष्कराच्या गाडीची नंबरप्लेट ओळखीची असते. तिच्यावर आकड्यांच्या सोबतीला वर टोक केलेला एक छोटा बाण असतो आणि बाणाच्या पुढचे दोन आकडे गाडी लष्करात दाखल झाल्याचं साल सांगतात. बहुतेकांना हा बाण दिशा दाखवणारा वाटतो. खरं तर ती मालकीची खूण आहे, आणि तीनशे वर्षांहून जुनी आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात एखादी शेवाळी रंगाची लाकडी पेटी दिसली आणि तिच्या कडीजवळ असाच बाण उमटवलेला असला आणि तो छाप खरा असला, तर ती कधीकाळी सरकारी मालमत्ता होती एवढं तरी नक्की सांगता येतं.

ब्रिटिश या खुणेला 'ब्रॉड ॲरो' म्हणतात. राजाच्या कोठारातला माल बाजारात परस्पर विकला जाऊ नये म्हणून ती आली. 1698 च्या एका कायद्यानं असा बाण असलेला माल खासगी माणसाकडे सापडणं हाच गुन्हा ठरवला. चोरी सिद्ध करायची गरजच उरली नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीला 1691 मध्ये जी सनद मिळाली, तिच्यात 24 इंचांहून जाड बुंध्याची झाडं आरमाराच्या डोलकाठ्यांसाठी राखून ठेवली होती. त्या उंच पाइनच्या खोडांवर कुऱ्हाडीनं हाच बाण कोरत. पुढे तो कैद्यांच्या कपड्यांवरही आला.

साम्राज्य पसरलं तशी या बाणाला प्रत्येक देशात वेगळी जोड मिळाली. कॅनडाचा बाण इंग्रजी 'सी' अक्षराच्या पोटात असतो. ऑस्ट्रेलियाचा दोन 'डी' अक्षरांच्या मधे उभा असतो. हिंदुस्थान सरकारच्या मालावर बाणाखाली 'आय' अक्षर असे. त्यामुळे पेटी विलायतेतून आली की इथल्या सरकारनं बनवून घेतली, याचा पहिला धागा इथेच मिळतो. दोन बाण एकमेकांना टोक भिडवून उभे असले तर सरकारनं ती वस्तू रीतसर विकून टाकली आहे असा त्याचा अर्थ. लांबून ही खूण चांदणीसारखी दिसते आणि घाईत बघणारे तिला नक्षी समजतात. जुन्या लष्करी वस्तू जमवणाऱ्यानं आधी ही खूण शोधावी, कारण वस्तू सरकारच्या हातून सरळ मार्गानं बाहेर पडल्याचा तो पुरावा आहे.

पेटी हातात आली की तिच्यावरचं साल शोधायचा मोह होतो. साल सापडतंही. पण ते कशाचं साल आहे, हे आधी ठरवावं लागतं. पेटीला तीन वयं असतात. सुताराच्या कारखान्यात पेटी तयार झाली ते एक. तिच्यात काडतुसं भरली गेली ते दुसरं. आणि वरचा रंग आणि अक्षरं शेवटची चढली ते तिसरं. लाकडात दाबून किंवा तापल्या लोखंडानं डागून उमटवलेलं साल सहसा पेटी बनवणाऱ्याचं असतं आणि त्याच्याजवळ त्याची आद्याक्षरं असतात. स्टेन्सिल ठेवून रंगानं लिहिलेलं साल आतल्या मालाचं असतं. धडधाकट पेट्या परत येत, पुन्हा भरल्या जात, जुन्या ओळींवर रंगाचा पट्टा मारून नव्या ओळी लिहिल्या जात. अनेकदा पत्ते बदलत फिरलेलं जुनं टपाली पाकीट जसं आपण वाचतो, तसंच इथे करावं लागतं: सगळ्यात वरचा थर आधी, मग त्याच्याखालचा. 1917 ची पेटी, 1942 ची काडतुसं आणि त्यानंतरचा रंग हे तिन्ही एकाच फळीवर भेटू शकतात, आणि त्यातलं एकही खोटं नसतं.

दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश किंवा हिंदी लष्कराची .303 काडतुसांची पेटी समोर ठेवू. ही ली-एनफिल्ड रायफलची गोळी. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर ती रायफल 'थ्री नॉट थ्री' म्हणून स्वातंत्र्यानंतरही अनेक दशकं होती, म्हणून वाचकाला ती परकी नाही. पेटीवरची मुख्य ओळ वाचताना क्रम उलटा वाटतो: काडतूस, स्मॉल आर्म, बॉल, .303 इंच, मार्क सात. आधी वस्तू, मग तिचा वर्ग, मग प्रकार, मग माप, मग नमुना. कोठाराच्या नोंदवहीत सगळी काडतुसं एका पानावर आणि सगळे हातबॉम्ब दुसऱ्या पानावर यावेत, यासाठीची ही रचना. 'बॉल' म्हणजे साधी भरीव गोळी. तिच्या जागी ट्रेसर, चिलखतभेदी, आगलावी किंवा कोरं काडतूस असं काही असलं तर तोच या ओळीतला सर्वांत महत्त्वाचा शब्द.

नमुन्याचा आकडा मात्र बारकाईनं बघण्यासारखा आहे. .303 च्या मार्क तीन, चार आणि पाच या गोळ्यांचं टोक पोकळ असे. अंगात शिरल्यावर त्या पसरत आणि भयंकर जखम करत. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बनलेल्या, टोक उघडं ठेवलेल्या गोळीनं याच सुमारास 'डमडम' हे नाव जगभर नेलं. 1899 च्या हेग परिषदेत पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा झाला आणि ब्रिटननं या गोळ्या युद्धाच्या वापरातून काढल्या. 1904 मध्ये मार्क सहा आली, बोथट टोकाची, 215 ग्रेन वजनाची. 1910 मध्ये मार्क सात आली: अणकुचीदार, 174 ग्रेनची, सेकंदाला सुमारे 2440 फूट वेगाची. सहा आणि सात या एकाच रायफलमध्ये बसत, पण त्यांचा मार्ग हवेतून वेगळा जाई, म्हणून रायफलीच्या नेमपट्ट्या नव्यानं आखाव्या लागल्या. जुन्या नेमपट्टीच्या शिपायाला नवी पेटी मिळाली तर त्याची गोळी भलतीकडे जाणार. पेटीवरचा तो एक आकडा एवढ्यासाठी ठळक असे.

सालाच्या दृष्टीनंही हा आकडा उपयोगी पडतो. ब्रिटिशांनी नमुन्यांचे आकडे आधी रोमन पद्धतीनं लिहिले. 1944 च्या सुमारास ते साध्या अंकांवर आले. म्हणजे 'मार्क सात' रोमन आकड्यात असेल तर पेटी बहुधा त्याआधी भरलेली, साधा सात असेल तर त्यानंतरची. मार्कच्या मागे 'झेड' अक्षर जोडलेलं असेल तर आतली दारू नायट्रोसेल्युलोजची आहे, दोरीच्या तुकड्यांसारखी दिसणारी कॉर्डाइट नाही. मार्क आठ झेड ही 1938 मध्ये व्हिकर्स मशीनगनसाठी आलेली गोळी. तिच्यात दाब जास्त, नळीची झीज जास्त. ती रायफलीत बसत असली तरी नेहमी वापरायची नव्हे.

पुढच्या ओळीत संख्या आणि बांधणी असते. काडतुसं सुटी आहेत, पुठ्ठ्याच्या डब्यांत आहेत, पाच-पाचच्या चार्जर क्लिपमध्ये आहेत की खांद्यावर टाकायच्या कापडी बँडोलियरमध्ये, हे तिथे लिहिलेलं असतं. दहा चार्जर, म्हणजे 50 काडतुसं, एका बँडोलियरमध्ये जात. अंधारात आघाडीकडे पेटी पाठवणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं. मशीनगनवाल्याला बँडोलियर मिळाले तर पट्टा भरण्याआधी त्याला ते सगळे सोलत बसावं लागेल. अमेरिकनांनी पुढे यावर चांगला तोडगा काढला. पत्र्याच्या डब्यावर क्लिपचं, कडीदार पट्ट्याचं किंवा बँडोलियरचं छोटं चित्रच काढलं. वाचता न येणाऱ्यालाही ते कळतं.

लेबलाच्या रंगाची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. पहिल्या महायुद्धात विमानांच्या नाकावर मशीनगन बसली, ती फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या सोडणारी. यंत्रणा अशी जुळवलेली असे की पातं समोरून सरकल्यावरच गोळी सुटावी. पण काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर हातोडा पडल्यावर ते क्षणभर रेंगाळून उडालं तर गोळी थेट स्वतःच्याच पंख्यात. जमिनीवरच्या शिपायाला असं रेंगाळणं कळतही नाही. वैमानिकाचा त्यात जीव जातो. म्हणून ब्रिटिशांनी अधिक काटेकोर तपासणीची काडतुसं वेगळी काढली आणि त्यांच्या पेट्यांना आधी हिरव्या क्रॉसची, पुढे लाल लेबलाची खूण दिली. आत तीच .303, तोच मार्क सात. फरक फक्त निवडीचा होता, आणि तो बाहेरून ओळखण्याचा एकमेव मार्ग लेबल हाच होता.

पेटीच्या बांधणीलाही अर्थ असतो. जुन्या पेट्यांना लोखंडाऐवजी तांब्याचे पट्टे आणि पितळी स्क्रू दिसतात ते शोभेसाठी नाहीत. लोखंड घासलं की ठिणगी उडते, तांबं-पितळ घासलं तर उडत नाही. मार्टिनी-हेन्री रायफलच्या काळातली ब्रिटिश पेटी या दृष्टीनं बघावी. महोगनीचं लाकूड, दोन तांब्याचे पट्टे, आत ओल येऊ नये म्हणून कथलाचं अस्तर, आणि दहा-दहा काडतुसांच्या 60 कागदी पुड्या, म्हणजे 600 काडतुसं. झाकणाचा मधला भाग पाचरीसारखा सरकणारा, आणि तो एकाच दोन इंची स्क्रूनं बसवलेला.

या स्क्रूवरून एक दंतकथा सव्वाशे वर्षं चालली. 22 जानेवारी 1879 रोजी दक्षिण आफ्रिकेत इसांडलवानाच्या पायथ्याशी झुलू सैन्यानं ब्रिटिश छावणी कापून काढली. ब्रिटिश बाजूची तेराशेच्या आसपास माणसं मेली. पेट्यांचे स्क्रू काढायला पेचकस मिळेना, म्हणून काडतुसं आघाडीवर पोहोचली नाहीत, असं पुस्तकांनी आणि चित्रपटांनी सांगितलं. स्मिथ-डोरियन हा त्या कत्तलीतून वाचलेला तरुण अधिकारी. तो काडतुसं न्यायला गेला तेव्हा क्वार्टरमास्टर ब्लूमफील्डनं, ही पेटी आमच्या बटालियनची आहे, म्हणून त्याला हटकल्याची आठवण त्यानं पुढे लिहून ठेवली. त्या आठवणीनं दंतकथेला आणखी जोर आला. पण रायफलच्या दस्त्यानं झाकणाच्या कडेवर जोरदार ठोसा मारला की तो एकटा स्क्रू वाकतो आणि सरकपट्टी निघते, हे प्रयोगांनी दाखवलं आहे. 2000 सालच्या उत्खननात रणभूमीवर असे वाकलेले स्क्रू सापडले. म्हणजे शिपायांनी पेट्या फोडल्या होत्या. पराभवाची कारणं फळीच्या विस्कळीत मांडणीत आणि झुलूंच्या डावपेचात शोधावी लागतात. एका पेटीचं तंत्र नीट माहीत असलं की इतिहासाचं एक प्रकरण कसं दुरुस्त होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आपल्या भागात सापडणाऱ्या .303 काडतुसाच्या बुडावर 'के' आणि 'एफ' ही अक्षरं आणि त्यांच्यामधे बाण असला तर ते खडकीचं. तिथला दारूगोळा कारखाना 1869 चा. त्याच बुडावर सालाचे शेवटचे दोन आकडे आणि मार्क असतो. टोपीच्या कडेनं लाखेची रंगीत रेघ असते: जांभळी म्हणजे साधी गोळी, तांबडी म्हणजे ट्रेसर, हिरवी म्हणजे चिलखतभेदी, निळी म्हणजे आगलावी. जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळचा वरणगावचा कारखाना 1964 चा. त्याचा छाप 'ओ एफ व्ही'. हे दोन्ही कारखाने 1 ऑक्टोबर 2021 रोजी जुनं आयुध निर्माणी मंडळ मोडल्यावर म्युनिशन्स इंडिया या नव्या सरकारी कंपनीकडे गेले, आणि तिचं मुख्यालय पुण्यातच आहे. पेटीवरचा छाप आणि आतल्या काडतुसाच्या बुडावरचा छाप जुळतो का, ही जाणकाराची पहिली परीक्षा. जुळला नाही तर पेटी पुन्हा भरलेली आहे, किंवा विकणाऱ्यानं जोडी लावून दिली आहे.

रंगांच्या बाबतीत एक इशारा द्यायलाच हवा. रंगाचा अर्थ देशाबरोबर बदलतो. ब्रिटिश .303 वर हिरवी रेघ म्हणजे चिलखतभेदी. सोव्हिएत गोळीचं टोक हिरवं असेल तर ती ट्रेसर. नाटो देशांच्या 5.56 मिलिमीटर काडतुसाचं टोक हिरवं असेल तर आत पोलादी अणी असलेली गोळी. तोफगोळ्यांमध्येही तसंच. अमेरिकनांचे स्फोटक गोळे आधी पिवळे होते, दुसऱ्या महायुद्धात ते शेवाळी झाले आणि पिवळा रंग फक्त अक्षरांपुरता उरला, कारण पिवळाधमक ढीग वरून विमानाला सहज दिसतो. तेव्हा आधी देश ठरवा, मग काळ, आणि रंगाकडे शेवटी वळा. या क्रमानं न जाणारे हमखास फसतात.

आता पेटीवरच्या सगळ्यात नीरस दिसणाऱ्या ओळीकडे येऊ. हौशी माणूस ती सोडून देतो आणि शस्त्रागाराचा माणूस सगळ्यात आधी तीच वाचतो: लॉट नंबर. एका लॉटमधली काडतुसं एकाच सलग उत्पादनातली, एकाच घाण्यातल्या दारूची, त्याच टोप्यांची असतात. त्यातलं एक बिघडलं तर बाकीच्यांवर संशय येतो. कुठे नळी फुटली, कुठे काडतूस अडकलं, की फर्मान सुटतं ते लॉटच्या नावानं: हा लॉट थांबवा. जगभर विखुरलेल्या हजारो पेट्यांमधून नेमक्या तेवढ्याच बाजूला काढता येतात. उष्ण हवेच्या देशात याला दुप्पट महत्त्व. कॉर्डाइटसारखी दारू साठवणीत हळूहळू कुजते, उन्हाळ्यात जास्त वेगानं कुजते, आणि कुजता कुजता स्वतःच पेटू शकते. म्हणून ठरावीक मुदतीनं प्रत्येक लॉटचा नमुना तपासायचा असतो. अमेरिकी लष्करात लॉटची ओळख हरवली की काडतुसं तिसऱ्या प्रतीत जातात, म्हणजे वापरायला अयोग्य. ती दिसायला कितीही चकचकीत असोत.

अमेरिकी डब्यावरचा अलीकडच्या पद्धतीचा लॉट एकदा उलगडून बघू. समजा त्यावर 'एलसी-92एफ001-003' असं आहे. एलसी म्हणजे मिझुरी राज्यातला लेक सिटी कारखाना. 92 हे साल. 'एफ' हे महिन्याचं अक्षर: ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असं मोजत गेलं की एफ म्हणजे जून. ऑगस्टच्या 'एच' नंतर मात्र 'आय' गाळून सप्टेंबरला 'जे' येतो, कारण 'आय' आणि एकचा आकडा यांत गोंधळ होतो. म्हणून डिसेंबर 'एम' वर संपतो. पुढचे दोन गट मालिकेचे आणि त्या मालिकेतल्या लॉटचे. जुन्या लॉटमध्ये महिना नसे, फक्त कारखान्याची अक्षरं आणि सलग क्रमांक असे: टीडब्ल्यू म्हणजे ट्विन सिटीज, एसएल म्हणजे सेंट लुइस, एफए म्हणजे फ्रँकफर्ड आर्सेनल. त्याच डब्यावरचा साठा क्रमांक 1305 नं सुरू होत असेल तर तो छोट्या शस्त्रांच्या काडतुसांचा वर्ग. तो क्रमांक अकरा अंकी असेल तर 1974 च्या आधीचा, तेरा अंकी असेल तर त्यानंतरचा. 1974 मध्ये मधे देशाचे दोन अंक घातले गेले: अमेरिकेचे 00 किंवा 01, ब्रिटनचे 99. '4 बॉल 1 ट्रेसर' अशी नोंद असेल तर पट्ट्यात दर चार साध्या गोळ्यांमागे एक चमकती गोळी आहे.

सोव्हिएत पत्र्याचा डबा याहून दाट लिहिलेला असतो. रायफल आणि मशीनगनच्या जाड 7.62 काडतुसांचा सीलबंद डबा 440 नगांचा, आणि असे दोन डबे एका लाकडी खोक्यात, म्हणजे 880. पहिल्या ओळीत माप, गोळीचा प्रकार आणि काडतुसाच्या नळीचा धातू हे रशियन आद्याक्षरांत असतात. नळीसाठीच्या 'गे' च्या पुढे 'झे' आलं तर पोलादावर तांब्याचा मुलामा, 'एस' आलं तर लाख चढवलेलं पोलाद, 'एल' आलं तर पितळ. दुसऱ्या ओळीत लॉट, साल आणि कारखान्याचा अंक. सोव्हिएत संघात कारखान्यांची नावं गुप्त होती, पण अंक दरवेळी छापावेच लागत, म्हणून 188 म्हणजे नोव्होसिबिर्स्क, 17 म्हणजे बर्नाऊल, 60 म्हणजे फ्रुंझे, म्हणजे आजचं बिश्केक, हे जुळवणं शक्य झालं. त्याखालची ओळ तर फक्त दारूची: तिचा प्रकार, तिचा स्वतःचा लॉट, तिचं साल, बनवणाऱ्याचं अक्षर. काडतूस 78 चं आणि दारू 77 ची, असं त्याच पत्र्यावर वाचायला मिळतं. जर्मनांनी तर लेबलावर गोळी, नळी, टोपी आणि दारू यांचे वेगवेगळे उगम नोंदवले. त्यांच्या पेटीत 15 च्या पुड्या, अशा 20 पुड्यांचं 300 चं खोकं, आणि अशी पाच खोकी मिळून 1500. कारखान्याचं नाव सांकेतिक अक्षरांत, शत्रूच्या बाँबफेकी विमानांना पत्ता कळू नये म्हणून.

याशिवाय धोका सांगणाऱ्या खुणा. ब्रिटनच्या 1875 च्या स्फोटक कायद्यानं स्फोटकांचे वर्ग पाडले. सहावा काडतुसं आणि दारूगोळ्याचा, सातवा शोभेच्या दारूचा. हिंदुस्थानात 1884 चा कायदा त्याच वाटेनं गेला, आणि आजही शोभेची दारू आपल्या नियमांत सातव्याच वर्गात आहे. नंतर संयुक्त राष्ट्रांची पद्धत आली, तिची नारिंगी चौकट आता ट्रकवरही दिसते. 1.1 म्हणजे सगळा साठा एकदम उडेल. 1.4 म्हणजे धोका मर्यादित, आणि त्यापुढे 'एस' असेल तर परिणाम पेटीपुरताच राहील. रायफलीची काडतुसं बहुधा या शेवटच्या गटात येतात. जुन्या पेटीवर ही नारिंगी चौकट असली तर ती पेटी महायुद्धाची असली तरी निदान वरचा थर बराच अलीकडचा आहे.

कशाशेजारी काय ठेवायचं, हे ठरवण्यासाठी हे वर्ग असतात. ते पाळले नाहीत तर काय होतं, हे मुंबईनं पाहिलं आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजात सुमारे 1400 टन स्फोटकं आणि दारूगोळा होता, आणि त्याच जहाजात कापसाच्या हजारो गाठी होत्या. कापसाला आग लागली. तो धुमसत राहिला आणि दुपारी चारच्या सुमारास जहाज उडालं. पाठोपाठ दुसरा स्फोट झाला. शेकडो माणसं गेली, त्यांत मुंबई अग्निशमन दलाचे कितीतरी जवान होते, आणि देशात 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन त्यांच्याच स्मरणात पाळला जातो. पेट्यांवरचे वर्ग त्या दिवशीही लिहिलेले होते. जहाज भरताना त्यांचं ऐकलं गेलं नाही.

जुन्या पेट्यांचा बाजार वाढला तसे नकली छापही वाढले. कॅफे सजवायला, फोटोशूटला, घरात टेबल म्हणून या पेट्या हव्या असतात. मग साध्या फळ्यांच्या खोक्यावर बाण आणि एखादं साल मारून दिलं जातं. ओळखायची रीत अवघड नाही. खऱ्या पेटीत रंग आधी आणि ओरखडे नंतर, म्हणून ओरखड्यात कोरं लाकूड दिसतं. नकलेत रंग ओरखड्याच्या आत उतरलेला असतो. खऱ्या स्टेन्सिलच्या अक्षरांना पूल असतात, म्हणजे 'ओ' चं वर्तुळ दोन ठिकाणी तुटलेलं असतं. हातानं रंगवलेलं सलग 'ओ' संशयास्पद. बिजागरीच्या पत्र्याखाली रंग गेलेला नसेल तर तो पत्रा नंतर बसवलेला नाही. आणि मजकूर आपापसांत जुळला पाहिजे: मार्क आठ झेडच्या ओळीशेजारी रंगानं लिहिलेलं 1930 साल असू शकत नाही.

याहून मोठं नुकसान मात्र खऱ्या पेट्यांचं होतं. पॉलिश पेपरनं घासून, वॉर्निश मारून पेटी 'नवी' केली की तिच्यावरची सगळी माहिती भुशात जाते. पेटी घ्या, वापरा, पण आधी सहाही बाजूंचे, झाकणाच्या आतल्या बाजूचे आणि कडीचे फोटो काढा, तिरप्या उजेडात काढा म्हणजे दाबलेला ठसा उठून दिसतो. मळ ओल्या फडक्यानं पुसा, त्याहून जास्त काही करू नका.

रिकाम्या पेटीवर कधी 'एफ एफ ई' अशी अक्षरं, तारीख आणि सही दिसते. परत जाणाऱ्या रिकाम्या पेटीत स्फोटक नाही, हे तपासून कुणीतरी दिलेलं ते लेखी वचन आहे. पण ते त्या दिवसापुरतं. पेटी जड लागली, हलवल्यावर आत काही आपटलं, किंवा सील शाबूत असलं, तर वरचं काहीही खरं मानू नका. ती उघडू नका, ठोकू नका, उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नका, गाडीत घालून पोलीस ठाण्यातही नेऊ नका. माणसांना लांब करा आणि 112 ला फोन करा. परवान्याशिवाय जिवंत काडतूस जवळ ठेवणं 1959 च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे. शेतात, विहीर उपसताना किंवा आजोबांच्या ट्रंकेत ते सापडलं तर लगेच कळवणं हाच सुरक्षित मार्ग. कळवताना फोनवर पेटीवरच्या ओळी वाचून दाखवता आल्या, देश, प्रकार, साल, लॉट, तर येणाऱ्या बॉम्बशोधक पथकाला कुठली साधनं आणायची ते निघण्याआधीच कळतं.